शेवटचा भाग पाहून आलेली बाई

मी चौथी पास आहे आणि मी खोटं बोलत नाही. माझ्याबद्दल गावाला एवढ्या दोन गोष्टी पक्क्या माहीत आहेत. भांडण बांधाचं असो की सासू-सुनेचं, "म्हातारीला इचारा, ती तोंडावर सांगंल," असं म्हणत लोक माझ्या ओट्यावर येऊन बसतात. मी सांगते. त्यामुळे निम्मं गाव माझ्याशी धड बोलत नाही, पण माझ्या शब्दावर संशय कुणी घेत नाही. मला तेवढं पुरतं.

मात्र एक मोठं खोटं मी जवळजवळ तीस वर्षं जपून ठेवलं होतं. ते कुणाच्या जमिनीबद्दल नव्हतं की कुणाच्या सुनेबद्दल नव्हतं. टीव्हीवरच्या एका मालिकेबद्दल होतं.

आमचं गाव मेढ्याच्या वर, एक चढ चढून गेलं की लागतं. आमचे मालक पलटणीतून पेन्शनीवर आले तेव्हा येताना कॅन्टीनमधून टीव्ही घेऊन आले. आमच्या आळीत तेवढाच एक. छपरावर बांबूला अँटेना बांधलेला होता आणि वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या. दर रविवारी सकाळी दहाला यानाची मालिका लागायची. आळीतली वीस-पंचवीस माणसं माझ्या घरात बसायची. चपलांचा ढीग असा व्हायचा की मला माझ्याच घरात शिरायला वाट नसायची.

मालिका अशी होती. एक माणूस आईशी भांडून घरातून निघतो आणि थेट यानात बसून लांबच्या ताऱ्याकडे जातो. आमच्या गावातली पोरं आईशी भांडली तर फार तर मुंबईला जायची. तो परत येतो का आणि आल्यावर आई त्याला घरात घेते का, एवढाच सगळा प्रश्न होता आणि त्यासाठी तेरा रविवार लावले होते. यान आतून बघण्यासारखं होतं. शेजारच्या भाभीचे मालक कल्हईचं काम करायचे, स्टोव्ह आणि बादल्याही दुरुस्त करायचे. ते दर रविवारी पडद्याकडे बोट करून सांगायचे, हे चाळणीचं बूड आहे, हा स्कूटरचा काटा आहे, ही कुकरची रिंग आहे. त्यांचं कधी चुकलं असं मला वाटत नाही.

यानात त्या माणसाच्या सोबतीला पत्र्याचा एक यंत्रमानव होता. डोकं चौकोनी, आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. चहा आणून द्यायचा आणि इंधन किती उरलं ते सांगायचं, एवढी दोनच कामं त्याला होती. आम्ही त्याला डबा म्हणायचो. माणसापेक्षा डबाच सगळ्यांना आवडायचा. सांगितलेलं काम तो उलट न बोलता करायचा.

आठव्या भागाच्या रविवारी गावात मतदान होतं. आम्ही सगळे शाळेपुढं रांगेत उभे. भाभी सकाळीच मत देऊन आली होती. मी तिला घराची किल्ली देऊन ठेवली, तिनं एकटीनं टीव्ही पाहिला. आम्ही दुपारी आलो आणि काय झालं म्हणून विचारलं, तर ती तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, काही विशेष नाही, यान चाललंय अजून. त्यानंतरच्या भागांत डबा कुठं दिसला नाही. दुरुस्तीला टाकला असेल, पत्रा फार पातळ वापरला होता, असं कल्हईवाल्यांनी सांगितलं. ते आम्हाला पटलं.

तेरावा भाग आठ दिवसांवर आला आणि गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला. वायरमन म्हणाला, सामान यायचंय. सामान कुठून यायचं होतं कोण जाणे, डब्याच्या ताऱ्यावरून येत असावं. शनिवारपर्यंत काही हललं नाही. आळीवर मयत झाल्यासारखी कळा आली.

त्याच रविवारी सांगलीला माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते. मी शनिवारीच निघणार होते. मग आळीनं ठरवलं की मी सांगलीत शेवटचा भाग पाहायचा आणि येऊन सगळ्यांना सांगायचा. भाभी मला सोडायला स्टँडपर्यंत आली.

"वैनी, शेवटपतूर बघ. तो आईकडं जातो का न्हाई, तेवढं तरी नीट बघ."

मी जरा तोऱ्यातच बोलले. माझ्या डोळ्यांनी बघून येते आणि शब्द न् शब्द सांगते, असं म्हणाले. पुढचं सगळं त्या तोऱ्यामुळे झालं.

पाहुणे बाराला येणार होते, ते पावणेदहाला आले. बहीण म्हणाली, मुलगी दाखवताना टीव्ही चालू ठेवला तर लोक काय म्हणतील. दाजीही पलटणीतलेच, त्यांच्याकडे व्हीसीआर होता. ते म्हणाले, मी कॅसेटवर भरून ठेवतो, तुम्ही सावकाश बघा. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला, वर बहिणीनं विणलेलं क्रोशाचं कव्हर टाकलं आणि शेजारी खुर्ची घेऊन बसले. दाजींची एक शिस्त होती. कॅसेटवर एकही जाहिरात येऊ द्यायची नाही, फीत वाया जाते. म्हणून ते मधूनमधून कव्हराचा कोपरा उचलायचे, जाहिरात दिसली की बटण दाबून भरणं थांबवायचे आणि जाहिरात संपली की परत चालू करायचे. पाहुण्यांना वाटलं असेल, पिंजऱ्यात पोपट आहे.

मी स्वयंपाकघरात होते. अकरा माणसांचे पोहे केले. मुलाच्या मामांना आणखी हवे झाले म्हणून परत केले. मग चहा. मग पाहुणे जेवूनच जातो म्हणाले. दीडला ते उठले आणि दोनची माझी एसटी होती. दाजी कॅसेट हातात घेऊन दारापर्यंत आले आणि म्हणाले, पुढच्या खेपेला बघा. त्या मुलाकडून नकार आला, मुलगी जास्त शिकलेली आहे म्हणून. भाची म्हणाली, आधी नकार मी दिला होता. दोन्ही खरं असेल.

साताऱ्यापर्यंत मी ठरवलं होतं की खरं सांगायचं. मेढ्यापर्यंतही तेच ठरलेलं होतं. गावच्या थांब्यावर उतरले तर अख्खी आळी उभी. दिवेलागण झालेली, पण दिवे कुठं होते लावायला. भाभी सगळ्यांच्या पुढे. "गेला का आईकडं?"

पोहे करत होते, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "गेला."

एकदा गेला म्हटल्यावर त्याला कुठंतरी उतरवायला हवं होतं. मी यान नाचणीच्या शेतात उतरवलं, कारण थांब्यावर उभं राहून मला तेच दिसत होतं. आई तिथं खुरपत होती. यान बघून ती उठली नाही, हातातली ओळ पुरी केली आणि मग उठली. त्याच्याजवळ गेली आणि एक थोबाडीत दिली. मग विचारलं, जेवलास का. इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, गोष्टीला झाकण हवं होतं, म्हणून मी यानाच्या दारातून डब्याला चहा घेऊन बाहेर काढला. दोन कप. कल्हईवाले म्हणाले, म्हणजे झाला दुरुस्त. लोक समाधानानं घरी गेले. मला वाटलं, संपलं.

ते तिथं संपलं नाही. आमच्याकडे घरटी एक पोरगा पलटणीत. तो सुट्टीवर आला की आई दारातच त्याच्यावरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकते, मग आत घेते. त्या दिवाळीत समोरच्या घरातलीनं तुकडा टाकला आणि पोराच्या गालावर हलकी चापट मारून विचारलं, जेवलास का. सगळे हसले, त्या मालिकेतल्या आईसारखं केलं म्हणाले. मग दुसरीनं केलं. चार-पाच वर्षांत आळीतली रीतच होऊन बसली. आता नव्या सुनांना वाटतं की हे पूर्वापार चालत आलंय. एकीनं मला विचारलं, आजी, असं मारण्यामागं कारण काय असतं? मी म्हणाले, जुन्या माणसांना विचार. गावात माझ्याहून जुनं दोन-तीनच उरलेत आणि त्यांना ऐकू येत नाही.

कॅसेट मात्र सांगलीत होती. दाजी वारले, टीव्ही बदलले, व्हीसीआर माळ्यावर गेला. दर वेळी बहिणीकडे गेले की मी त्या माळ्याकडे बघायची आणि गप्प बसायची.

मागच्या वर्षी भाचीचा फोन आला. ती सांगलीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. तिला एक नाद आहे. लोकांच्या घरात पडलेल्या जुन्या कॅसेटी गोळा करायच्या, त्यांवरची बुरशी पुसायची, व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडून त्या उतरवून घ्यायच्या आणि सगळ्यांना बघता येतील अशा इंटरनेटवर टाकायच्या. ज्यांनी त्या मालिका काढल्या, त्यांच्याकडेच त्या उरलेल्या नसतात, असं ती सांगते. त्यांनी त्याच फितींवर दुसरं काही भरलेलं असतं. यानाची मालिका लिहिणारा आणि काढणारा दोघंही गेले होते. त्यांच्या मुलांनी परवानगी दिली, पण शेवट कसा होता हे त्यांनाही आठवेना. तिनं दारोदार हिंडून बारा भाग जमवले होते. तेरावा कुठं मिळत नव्हता आणि तो तिच्याच माळ्यावर सापडला.

"मावशे, तू ये. तू बघितलेला भाग आपण दोघी मिळून बघू. मग टाकते."

म्हणजे आता तो भाग अख्खं गाव मोबाइलवर बघणार होतं. त्यात नाचणी नव्हती, थोबाडीत नव्हती. माणूस आईकडे गेला होता की नाही, तेसुद्धा मला माहीत नव्हतं. जन्मभर लोकांना तोंडावर खोटारडे म्हटलं, आता ते सगळे माझ्या ओट्यावर रांग लावणार होते.

मी खरं तेच लिहिते. मी सांगलीला कॅसेट बघायला गेले नव्हते, ती मोडायला गेले होते. लोहचुंबकानं कॅसेट बिघडते असं मी कुठंतरी ऐकलं होतं. सुनेच्या फ्रिजवर महाबळेश्वरहून आणलेली स्ट्रॉबेरी चिकटवलेली असते, तिच्या पाठीला चुंबक असतो. ती काढून कमरेच्या पिशवीत घातली आणि निघाले. भाची चहा टाकायला आत गेली तशी मी टेबलावरच्या कॅसेटवर ती स्ट्रॉबेरी घासली. वरून, खालून, आडवी, उभी. भांडं घासतात तशी घासली.

भाचीनं कॅसेट लावली. चित्र स्वच्छ आलं, नव्यासारखं. यान पृथ्वीकडे निघालेलं, माणूस एकटाच बसलेला, खिडकीत निळा गोल मोठा मोठा होत चाललेला. मी मनात म्हटलं, उतर बाबा, निदान शेतात तरी उतर. तेवढ्यात साबणाची जाहिरात सुरू झाली, ती अर्ध्यात तुटली आणि पडद्यावर मुंग्या आल्या. भाचीनं फीत पुढं पळवली. मुंग्याच. कॅसेट संपली.

मला वाटलं, स्ट्रॉबेरीनं काम केलं. मोकळं वाटायला हवं होतं, पण भाचीचं तोंड बघवेना. ती फीत मागं-पुढं करत राहिली. मग कपाळावर हात मारून हसली.

"पप्पांनी जाहिरातीला बटण दाबलंय आणि परत चालू करायचं विसरलेत."

मग मला आठवलं. मुलाचे वडीलही पलटणीतले निघाले होते आणि दाजींनी त्यांना कुठली युनिट, कुठं पोस्टिंग हे विचारायला सुरुवात केली होती. हसण्या-बोलण्याचा आवाज मी चुलीपाशी ऐकला होता. तो माणूस पृथ्वीच्या दारात आला आणि आमचे दाजी लडाखला पोचले. भाची म्हणाली, आणखी गंमत म्हणजे आता लोकांना मालिकेपेक्षा जुन्या जाहिरातीच जास्त हव्या असतात.

मी सुटले होते. कॅसेट नाही, लिहिणारा नाही, काढणारा नाही. निवांत चहा पीत होते, तोवर तिनं मोबाइल काढला आणि तीन पायांच्या काठीवर लावला.

"आता तूच राहिलीस, मावशे. शेवट बघितलेलं माणूस मला दुसरं कुणीच सापडलेलं न्हाई. तू सांग, मी तेच भागाला जोडते."

थांब्यावर पंचवीस जणांना सांगणं वेगळं होतं. इथं ती ते सगळ्या जगापुढं ठेवणार होती आणि खाली लिहिणार होती, प्रत्यक्ष पाहिलेल्या बाईच्या तोंडून. दहा-पंधरा वर्षं दारोदार हिंडून जमवलेल्या तेरा भागांवर ती माझं खोटं झाकण बसवणार होती. मी खाली ठेवलेल्या कपाकडे बघत होते आणि ती म्हणाली, सुरू झालंय, बोल.

मी बोलले. "मी हा भाग पाहिला न्हाई. मी तवा पोहे करत होते. गावाला सांगितला तो शेवट माझ्या मनाचा हाय. तुमच्या आया पोरांना दारात मारतात, ते बी माझ्यामुळं." मग चुंबकाचंही सांगून टाकलं आणि स्ट्रॉबेरी काढून टेबलावर ठेवली.

भाचीनं स्ट्रॉबेरी उचलून उलटी करून पाहिली. मग तिनं माझा शेवट ऐकवायला लावला. ऐकला आणि म्हणाली, दोन्ही टाकते. आधी भाग, मग तुझी कबुली, या शेवटासकट. चुंबकाबद्दल ती नंतर बोलली आणि बरंच बोलली. ते मी इथं लिहीत नाही.

गावात ते पोचायला एक दिवस लागला. मी ओट्यावर तयारीनं बसले होते. कोण काय म्हणेल आणि मी त्याला काय उत्तर देईन, सगळं ठरवून ठेवलं होतं. लोक आले आणि माझ्याशी मोठ्यानं, सावकाश बोलायला लागले, बहिऱ्याशी बोलतात तसं. आवं आजी, असू द्या, वय झालं की व्हतं असं. म्हटलं, काय होतं? तर म्हणाले, इसरायला व्हतं.

कुणाचाच विश्वास बसेना. आमच्याच आळीतला एकजण पुण्याला असतो, त्यानं भाचीच्या व्हिडिओखाली लिहिलं की आजींना आता आठवत नसावं, त्यांना त्रास देऊ नका, मी लहानपणी हा भाग स्वतः पाहिला आहे, आई थोबाडीत मारते, जेवलास का विचारते आणि डबा चहा आणतो. त्याच्याखाली कोल्हापूरच्या कुणीतरी लिहिलं, बरोबर, मलाही आठवतं, दोन कप असतात. ज्या रविवारी अख्ख्या गावात वीज नव्हती, त्या रविवारी हा स्वतः पाहिला म्हणतो. मी त्याच्या आईला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, त्याची आठवण चांगलीच आहे पहिल्यापासून.

त्या आठवड्यात खालच्या आळीत बांधाचं भांडण झालं. ते माझ्याकडे आले नाहीत. म्हातारीच्या लक्षात राहत नाही आता, असं म्हणून ते सरळ तलाठ्याकडे गेले. तीस वर्षं खोट्यावर माझा शब्द खरा चालला आणि एकदा खरं बोलले तर तो गेला. मी चार दिवस कुणाशी बोलले नाही. निम्मं गाव आधीच बोलत नव्हतं, त्यामुळे फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही.

पाचव्या दिवशी भाभी आली. आता तिचेही गुडघे गेलेत, ओट्याची पायरी चढायला तिला दोन खेपा लागतात. सुनेचा मोबाइल घेऊन आली होती. बसली, चष्मा लावला आणि भाचीनं टाकलेला आठवा भाग काढून माझ्यापुढं धरला. मी कधी न पाहिलेला, मतदानाच्या दिवशीचा.

यानाचं इंधन संपत आलेलं असतं. वजन कमी केल्याशिवाय घरापर्यंत पोचता येणार नाही, असं डबा त्या माणसाला सांगतो. त्याला झोपू देतो, चहाचा कप उशाशी ठेवतो आणि दार उघडून स्वतःच बाहेर जातो. काळोखात चौकोनी डोकं लहान लहान होत जातं. चाळणीचं बूड स्पष्ट दिसत होतं, तरी मला बघवेना.

भाग संपल्यावर मी हिशेब केला. आठवा आधी, तेरावा नंतर.

"म्हंजी तुला ठाऊक व्हतं," मी म्हणाले.

"मेलेल्या डब्याच्या हातात तू च्या दिलास, तवाच कळलं."

"मग तिथं बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? त्या दिवशी तुमास्नी काय विशेष न्हाई म्हणले व्हते. पत्र्याच्या डब्यासाठी तासभर रडले, हे आमच्या मालकांना कळलं असतं तर जन्मभर च्या मागताना चिडवलं असतं मला." तिनं चष्मा पुसला. "आन् तू त्याला माघारी आणलास. मी कशाला परत मारू?"

म्हणजे आमच्या आळीत खोटं बोलणाऱ्या दोघी होत्या आणि भाचीच्या मोबाइलपुढं मी एकटीच बसले होते. मी तिला म्हणाले, आत्ताच्या आत्ता उठ, आळीत जाऊन सांग की म्हातारीचं डोकं ठिकाणावर आहे, तिनं खरंच शेवट पाहिला नव्हता. ती उठली नाही.

"परवा नातू येतोय सुट्टीवर. त्याच्या आईचा आत्तापासून हात शिवशिवतोय. आता कुणाकुणाला अडवू?"

मी चहा टाकायला आत गेले. बाहेर तिनं आठवा भाग पुन्हा पहिल्यापासून लावला होता, घागरीतला आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. दोन कप घेऊन मी दारात आले, तर ती चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघून खुदकन हसली. कशाला हसतेस म्हणून मी विचारलं नाही.